पहिल्या वर्षी जीपीए कोसळला, तरी मेडिकलला जायचंय? मग क्रम असा ठेवा

दरवर्षी डिसेंबर संपता संपता ग्रेड लागल्या की ओळखीपाळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. हकिगत एकच असते. हायस्कूलभर ए आणणारं पोर, कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत सी, कॅल्क्युलसमध्ये बी मायनस, जीपीए (सगळ्या ग्रेडची ४ पैकी सरासरी) २.६. फोन येईपर्यंत घरात तीन निर्णयही झालेले असतात. पुढच्या सेमिस्टरला अठरा क्रेडिट घेऊन 'भरून काढायचं', उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री पुन्हा करायची, आणि एमकॅटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास लावून टाकायचा.

गळक्या बादलीत दोन नळ सोडायचे, त्यातला हा प्रकार. आधी गळती सापडली पाहिजे, मग ती बुजवायची, पाणी त्यानंतर. मी अमेरिकेतल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला जनरल केमिस्ट्री शिकवते. ऑफिस अवर्समध्ये (मुलांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत) समोर बसलेल्या मुलांपैकी ज्यांनी हा क्रम पाळला ती सावरली. ज्यांनी घाई केली त्यांचं दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा वाईट गेलं.

लेख इथल्याच एमडी किंवा डीओ (ऑस्टिओपॅथिक, तीही डॉक्टरकीचीच पदवी) कॉलेजांना अर्ज करू पाहणाऱ्या मुलांसाठी आहे. मराठीतला लेख आधी आई-बाबाच वाचणार हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी मध्ये मध्ये वेगळं लिहिलंय.

## तयारी: बसण्याआधी काय गोळा करायचं

प्रत्येक कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट काढा. 'प्रत्येक' म्हणजे हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा कोर्ससुद्धा. रजिस्ट्रारच्या पानावरून या वर्षाचं कॅलेंडर उतरवून घ्या: कोर्स बदलण्याची शेवटची तारीख आणि कोर्समधून विथड्रॉ होण्याची, म्हणजे तो मध्येच सोडण्याची, शेवटची तारीख. या दोन तारखा वेगळ्या असतात आणि दुसरी चुकली की हातात काही उरत नाही. तिसरी वस्तू म्हणजे तपासलेले पेपर. फायनलचा पेपर बहुतेक प्राध्यापक परत देत नाहीत, पण ऑफिस अवर्समध्ये जाऊन मागितला तर समोर बसून बघू देतात. आणि एक रिकामी स्प्रेडशीट.

आई-बाबांसाठी: मूल कॉलेजात गेलं की फेर्पा या कायद्यानुसार त्याच्या शैक्षणिक नोंदींचे हक्क त्याचे होतात. फी तुम्ही भरत असलात तरी त्याच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेज सहसा तुम्हाला ग्रेड सांगत नाही. म्हणजे तुम्हाला खरं कळण्याचा एकच मार्ग, मुलाने ते आपणहून सांगणं. पहिल्या सी ला घरात आकाश कोसळलं, तर दुसरा सी तुम्हाला विथड्रॉची तारीख गेल्यावर कळेल.

## टप्पा १: खरा आकडा काढा

कॉलेजच्या पोर्टलवर दिसतो तो जीपीए मेडिकल स्कूल वापरत नाहीत. एमडी कॉलेजांचे बहुतेक अर्ज ॲमकॅस या मध्यवर्ती यंत्रणेतून जातात, डीओ कॉलेजांचे ॲकोमास मधून, आणि टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजांचे टीएमडीएसएएस मधून. या यंत्रणा ट्रान्स्क्रिप्टवरून जीपीए नव्याने मोजतात, स्वतःच्या नियमांनी.

ॲमकॅसचे नियम असे. ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३, सी २.०. ए प्लसला जादा काही नाही. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजातली क्रेडिट दोन-तृतीयांश करून घ्यायची. हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्स यात धरले जातात. कोर्स पुन्हा केला तर जुनी आणि नवी, दोन्ही ग्रेड धरल्या जातात. तुमच्या कॉलेजात 'ग्रेड फरगिव्हनेस' असेल, जुना सी तिथे पुसला गेला असेल, तरी ॲमकॅसमध्ये तो जिवंत असतो.

इथे एक जुना सल्ला अजून फिरतो: "डीओला अर्ज कर, तिथे रिटेकने जुनी ग्रेड बदलते." बदलायची, २०१७ पर्यंत. त्या वर्षापासून ॲकोमासही सगळे प्रयत्न मोजतं. कुणाचा तरी मोठा भाऊ त्या वाटेने गेला असेल, ती वाट आता बंद आहे.

स्प्रेडशीटमध्ये दोन आकडे काढायचे. एक एकूण जीपीए. दुसरा बीसीपीएम, म्हणजे फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित. दुसऱ्यात गफलती फार होतात. स्टॅटिस्टिक्स गणितात येतं, मग ते सायकॉलॉजी डिपार्टमेंटने शिकवलेलं का असेना. सायकॉलॉजी स्वतः येत नाही. कॉम्प्युटर सायन्सही येत नाही, आणि आपल्याकडे अर्ध्या मुलांनी ते घेतलेलं असतं म्हणून मुद्दाम सांगते.

एक उदाहरण मांडू. चार कोर्स, प्रत्येकी चार क्रेडिट: बायोलॉजी सी प्लस, केमिस्ट्री एक सी, केमिस्ट्री दोन बी मायनस, कॅल्क्युलस बी. बीसीपीएम झाला २.५. पुढे सायन्सची चाळीस क्रेडिट ३.८ ने केली तर तो ३.४३ वर जातो. आता एकूण जीपीए. पहिल्या वर्षाची तीस क्रेडिट २.५ ने झाली आणि उरलेली नव्वद ३.८ ने केली, तर पदवीच्या वेळी ३.४८. हाच मुलगा दोन वर्षं घसरला, साठ क्रेडिट २.८ ने झाली, आणि मग साठ ३.९ ने केली, तर ३.३५. पदवीनंतर आणखी तीस क्रेडिट निव्वळ ए ने केली तर तो ३.४८ ला पोचतो. म्हणजे दुसऱ्या वर्षी न सावरण्याची किंमत एक अख्खं जादा वर्ष.

तुलनेसाठी: अलीकडच्या वर्षांत एमडी कॉलेजात प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७५ च्या वर आणि एमकॅट ५११-५१२ च्या घरात राहिलाय. सरासरी म्हणजे कटऑफ नव्हे. नीटच्या यादीची सवय असलेल्या आई-बाबांनी हे वाक्य दोनदा वाचावं. इथे एका आकड्याखाली रेघ मारून यादी लागत नाही. वर्षागणिक जीपीए वेगळा दाखवला जातो, आणि २.५, ३.५, ३.८, ३.९ अशी चढती कमान वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते.

तपासा: दोन्ही आकडे, आणि "पुढची सगळी क्रेडिट ३.८ ने केली तर कुठे पोचतो" हा तिसरा, लिहून झाले का? ते लिहून होईपर्यंत रजिस्ट्रेशनला हात लावू नका.

## टप्पा २: गळती कुठे आहे ते शोधा

सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा हाच. "अभ्यास कमी पडला, आता जास्त करीन" हे निदान नाही. ताप आलाय, हे आपल्यालाही दिसतं. कशाचा, ते सांगा.

तपासलेला पेपर समोर घ्या आणि गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे चारपैकी एक खूण करा. एक, हा भाग मला माहीतच नव्हता. दोन, माहीत होता पण प्रश्न फिरवून विचारल्यावर जमला नाही. तीन, वेळ पुरला नाही. चार, येत होतं आणि धांदरटपणा झाला. मुलं पेपर न उघडता "सगळे चौथ्या प्रकारचे" असं सांगतात. उघडल्यावर निम्म्याहून जास्त दुसऱ्या प्रकारचे निघतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता पैज लावत नाही.

दुसरा प्रकार जास्त असेल तर दोष पद्धतीत आहे. नोट्स वाचायच्या, हायलाइट करायच्या, सोडवलेली उदाहरणं बघून मान डोलवायची, ही हायस्कूलची पद्धत आहे. पाहून कळणं वेगळं आणि न पाहता येणं वेगळं. त्याच पद्धतीने दुप्पट तास बसलं तर मागचे पाढे पंचावन्न.

पहिला प्रकार जास्त असेल तर बहुधा पाया सुटलाय. एपी केमिस्ट्रीत (हायस्कूलमधल्या कॉलेज पातळीच्या परीक्षेत) ५ पैकी ५ मिळाले म्हणून जनरल केमिस्ट्री ओलांडून थेट ऑरगॅनिकमध्ये बसलेली मुलं यात पुष्कळ सापडतात.

पेपरबाहेरची कारणंही लिहा, लाजू नका. आठवड्याला वीस तास नोकरी. रूममेटमुळे झोप नाही. पहिल्यांदा घर सोडल्याचं एकटेपण. दिवसचे दिवस अंथरुणातून उठावंसं न वाटणं. लक्ष न टिकणं, जे हायस्कूलमध्ये आईच्या वेळापत्रकाने झाकलं गेलं होतं. शेवटच्या दोन गोष्टी असतील तर कॉलेजच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये अपॉइंटमेंट घेणं ही या लेखातली पहिली पायरी, बाकी सगळं तिच्यानंतर. निदान झालं तर डिसॅबिलिटी सर्व्हिसेसच्या ऑफिसकडून परीक्षेला जादा वेळ वगैरे सोय मिळू शकते. मेडिकल स्कूलला पाठवायच्या ट्रान्स्क्रिप्टवर ती छापली जात नाही.

आणखी एक कारण, जे घरी बोलायला कठीण: मुलाला मेडिकलला जायचंच नसतं. तेही एक निदान आहे, आणि ते दुसऱ्या वर्षी कळलेलं चौथ्या वर्षापेक्षा बरं.

सावध: कारण एका ओळीत लिहिता येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: चालू सेमिस्टर वाचवा

हा लेख सेमिस्टरच्या मध्यात वाचत असाल तर हे आजच करायचं. प्रत्येक कोर्समध्ये आतापर्यंतचे मार्क आणि फायनलचं वजन धरून शक्य असलेली सगळ्यात चांगली ग्रेड काढा. ती सी मायनस किंवा खाली येत असेल तर विथड्रॉ होण्याचा विचार करा. डब्ल्यू, म्हणजे विथड्रॉची नोंद, जीपीएत मोजला जात नाही. ट्रान्स्क्रिप्टवर दिसतो, पण एखाद-दुसऱ्याने कुणाचा अर्ज बुडत नाही. दर सेमिस्टरला एक डब्ल्यू अशी माळ लागली तर मात्र वाचणारा थबकतो. डब्ल्यूएफ (विथड्रॉ-फेल) हा वेगळा प्राणी, काही कॉलेजात तो एफ सारखा धरतात. रजिस्ट्रारला विचारल्याशिवाय बटण दाबू नका.

विथड्रॉ करण्याआधी तीन ठिकाणी विचारायचं. फायनान्शियल एड ऑफिस, कारण केंद्र सरकारची मदत टिकवायला घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण दोन-तृतीयांश पूर्ण झालेली लागतात आणि डब्ल्यू 'घेतलेल्या'त मोजला जातो. स्कॉलरशिप असेल तर तिच्या अटी. आणि व्हिसा.

सावध, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी: पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान बारा क्रेडिट लागतात. त्याखाली जायचं असेल तर इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची मंजुरी आधी हवी, नंतर नव्हे. एच-४ वर (आई-बाबांच्या एच-१बी वरचा अवलंबितांचा व्हिसा) वाढलेली आणि एकविसाव्या वर्षी एफ-१ वर जावं लागलेली आपली कितीतरी मुलं हा नियम विसरतात, कारण कालपर्यंत तो त्यांना लागू नव्हता.

## टप्पा ४: पुढच्या दोन सेमिस्टरची मांडणी

अठरा क्रेडिटचं भूत उतरवा. पुढच्या सेमिस्टरला चौदा-पंधरा, त्यात लॅब असलेले सायन्सचे कोर्स जास्तीत जास्त दोन, आणि एक असा विषय ज्यात तुम्हाला मनापासून गोडी आहे. तो 'सोपा ए' म्हणून घेऊ नका. आठवड्यातून दोनदा डोकं ताळ्यावर येतं म्हणून घ्या.

क्रमाचंही बघा. केमिस्ट्री दोन मध्ये सी घेऊन लगेच ऑरगॅनिकला बसणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. एक सेमिस्टर थांबा, त्या वेळात बायोलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या, आणि सुट्टीत इक्विलिब्रियम आणि ॲसिड-बेस पुन्हा घासा. उन्हाळ्यातल्या सहा आठवड्यांच्या ऑरगॅनिकपासून लांब राहा. पंधरा आठवड्यांत न पचलेलं सहा आठवड्यांत कसं पचणार?

हलका भार कायमचा मात्र ठेवायचा नाही. मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाचा रेटा जबरदस्त असतो आणि हा मुलगा तो झेपवील का, एवढंच अर्ज वाचणाऱ्याला पाहायचं असतं. दोन सेमिस्टर ३.७ च्या वर गेली की तिसऱ्यात सायन्सचे तीन कोर्स घ्या. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स असे वरचे विषय भरल्या भारानिशी ए ने केलेले असले, तर पहिल्या वर्षाचा सी जुनी बातमी होतो.

आणि प्रीहेल्थ ॲडव्हायझरला आत्ता भेटा. काही कॉलेजांत कमिटी लेटर (कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र) मिळायला जीपीएची अट असते. ती अट तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही.

## टप्पा ५: पुन्हा करायचा की पुढे जायचं

डी, एफ किंवा सी मायनस असेल तर कोर्स पुन्हा करा. बहुतेक मेडिकल स्कूल आवश्यक विषयांत किमान सी मागतात. बी किंवा बी मायनस पुन्हा करणं म्हणजे वेळेची नासाडी. आधीच सांगितलं तसं, जुनी ग्रेड जात नाही, त्यामुळे रिटेकचा फायदा वाटतो त्याच्या निम्मा असतो.

वाद फक्त सी चा आहे. माझं मत स्पष्ट आहे: सी पुन्हा करू नका, पुढचा विषय ए ने करा. जनरल केमिस्ट्रीतल्या सी वर बायोकेमिस्ट्रीतला ए हे रिटेकमधल्या ए पेक्षा वजनदार उत्तर आहे. एकदा शिकवलेलं दुसऱ्यांदा जमलं याचं कौतुक कुणाला?

कम्युनिटी कॉलेजबद्दल टोकाची मतं ऐकू येतात. सुरुवातच तिथून केली असेल तर काही बिघडत नाही. चार वर्षांच्या कॉलेजात असताना फक्त अवघड विषय तिथे जाऊन उरकले, तर पळवाट दिसते. करायचंच असेल तर क्रेडिट आपल्या कॉलेजात चालतील याची लेखी खात्री आधी घ्या.

तपासा: प्रत्येक रिटेकपुढे "का" लिहिलंय का? "जीपीएसाठी" हे उत्तर असेल तर टप्पा १ मधलं गणित पुन्हा करा. बहुतेक वेळा आकडा ०.०५ सुद्धा हलत नाही.

## टप्पा ६: अभ्यासाची घडी बदला

माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे आठवड्याचं चक्र देते. लेक्चर झालं त्याच दिवशी, वही मिटून, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. वीस मिनिटं पुरतात. जे आठवलं नाही तोच उद्याचा अभ्यास. दुसऱ्या दिवशी त्या भागावरची गणितं उत्तराची पानं न उघडता सोडवायची. अडलं तर पंधरा मिनिटं झगडायचं, मग प्रश्न लिहून ठेवायचा आणि पुढे जायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते लिहिलेले प्रश्न घेऊन ऑफिस अवर्सला. "मला हा धडा कळला नाही" असं म्हणत येऊ नका. "या पायरीपर्यंत येतं, इथे अडतं" असं म्हणा. प्राध्यापकाला दोन्हींतला फरक लगेच कळतो, आणि दोन वर्षांनी शिफारसपत्र लिहिताना तो आठवतोही. रविवारी मागच्या सगळ्या आठवड्यांतली मिसळ गणितं, घड्याळ लावून.

पाठांतर टाकाऊ नाही. ॲनॅटॉमीला, अमिनो ॲसिडना ते लागतंच, आणि ॲन्कीसारखं फ्लॅशकार्डचं ॲप त्यासाठी उत्तम. पण ऑरगॅनिकच्या रिॲक्शन घोकणारी मुलं दुसऱ्या मिडटर्मला आपटतात. तिथे इलेक्ट्रॉनचे बाण हाताने काढायचे, शंभरदा, कागदावर.

पहिल्या मिडटर्मनंतर टप्पा २ मधल्या चार खुणा परत करायच्या. दुसऱ्या प्रकारच्या चुका कमी झाल्या नसतील तर पद्धत अजून तीच आहे, फक्त पेनं बदललीत.

## टप्पा ७: पेशंटजवळ जा, पण बेताने

ग्रेड घसरल्या की व्हॉलंटिअरिंग वाढवून वजन साधायचं, ही उलटी चाल आहे. सावरण्याच्या पहिल्या सेमिस्टरला आठवड्यातून तीन-चार तास पुरे: हॉस्पिटल, हॉस्पिस किंवा मोफत क्लिनिक, एकच जागा, सलग. स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा), ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरचा मदतनीस), नर्सिंग असिस्टंट अशी कामं उन्हाळ्यात किंवा गॅप इयरमध्ये. मंडळाच्या गणपतीतली धावपळ आवडत असेल तर जरूर करा, पण तिला पेशंटचा अनुभव समजू नका. ॲमकॅसच्या अर्जात जास्तीत जास्त पंधरा अनुभव लिहिता येतात, ते सगळे भरलेच पाहिजेत असं नाही.

## टप्पा ८: अर्जाचं वर्ष ठरवा

ॲमकॅसचा अर्ज मेच्या अखेरीपासून सादर करता येतो आणि प्रवेश पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. म्हणजे सरळ जायचं तर तिसरं वर्ष संपताच अर्ज, आणि चौथ्या वर्षाच्या ग्रेड त्यात नाहीत. पहिलं वर्ष घसरलेल्याचे सगळ्यात चांगले मार्क नेमके चौथ्या वर्षात असतात. ते मागे ठेवून अर्ज करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

म्हणून एक गॅप इयर धरूनच चाला. इथे मेडिकलला येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पदवीनंतर किमान एक वर्ष थांबलेली असतात. आई-बाबांना 'वर्ष वाया गेलं' हा शब्दप्रयोग बारावीनंतरच्या ड्रॉपवरून सुचतो. पण इथे ते वर्ष 'वाचवण्या'चा दाम मोठा आहे: अर्ज फसला तर पुढच्या वेळी कॉलेज 'पुन्हा अर्ज करणारा' म्हणून ओळखतं आणि विचारतं, मधल्या काळात काय बदललं? एकदाच करा, तयारीने करा. आणि ज्या वर्षी कराल तेव्हा जूनमध्येच करा. गर्दीच्या दिवसांत ट्रान्स्क्रिप्ट पडताळायला ॲमकॅसला कित्येक आठवडे लागतात आणि मुलाखतीच्या जागा तोवर भरत जातात.

## टप्पा ९: एमकॅट

४७२ ते ५२८ अशी मापपट्टी, मध्य ५००, चार भाग, आणि विश्रांती धरून सात-साडेसात तासांचा दिवस. वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. कॉलेजांना सगळे प्रयत्न दिसतात. "एकदा देऊन बघू" म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

बायोकेमिस्ट्री आणि फिजिक्स पूर्ण झाल्यावर तीन-चार महिने मोकळे ठेवा. परीक्षा घेणाऱ्या एएएमसीच्या स्वतःच्या पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा शेवटच्या दीड महिन्यासाठी राखून ठेवा. शेवटच्या तीन सराव परीक्षांची सरासरी तुमच्या लक्ष्याला टेकत नसेल तर तारीख पुढे ढकला. कार्स या वाचनाच्या भागाला आपली मुलं गृहीत धरतात आणि तिथेच मार खातात. तो तीन महिन्यांत सुधारत नाही, आजपासून रोज एक अवघड लेख वाचायला घ्या.

उत्तम एमकॅट कच्चा जीपीए झाकत नाही. वरचा एमकॅट आणि अजूनही सपाट ग्रेड याचा अर्थ वाचणारा एकच काढतो: डोकं आहे, चिकाटी नाही. चढत्या ग्रेडसोबत तोच आकडा अगदी वेगळा वाचला जातो.

## टप्पा १०: पदवीच्या शेवटी फाटा

एकूण ३.५ च्या आसपास आणि कमान चढती असेल तर एमडी आणि डीओ, दोन्हींना अर्ज करा. डीओला दुय्यम समजणं आपल्या समाजातच जास्त दिसतं. डीओ पूर्ण डॉक्टर असतात, आणि २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची) मान्यता एकाच छत्राखाली आहे. मी तरी डीओला उघड झुकतं माप देते, पुढच्या दोन वाटांच्या तुलनेत.

३.२-३.३ वर अडकला असाल आणि शेवटची दोन वर्षंही मध्यमच असतील तर पोस्ट-बॅक: पदवीच्या पातळीचे सायन्सचे कोर्स, एक-दोन वर्षं, कुठल्याही चांगल्या सरकारी कॉलेजात स्वतः मांडून. यांचे मार्क पदवीच्या जीपीएत मिसळतात. स्पेशल मास्टर्स हा दुसरा प्रकार, मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखे विषय. त्याचे मार्क ॲमकॅस वेगळ्या रकान्यात दाखवतं, पदवीचा जीपीए हलत नाही. महाग आहे, आणि तिथे बी आले तर दार जवळजवळ लागतंच. पद्धत सुधारल्याचा पुरावा हातात असल्याशिवाय तिकडे वळू नका. कर्जाचाही विचार करा: १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं केंद्राचं) कर्ज बंद, आणि मेडिकलसाठी केंद्राचं कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच.

कॅरिबियन कॉलेजं फोनवर फार गोड बोलतात. २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकेतल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९३ टक्के, डीओंपैकी ९२ टक्के आणि परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्के लागले. या ६७ मध्ये मॅचपर्यंत पोचलेलेच मोजलेत. आधीच्या वर्षांत गळालेले त्यात नाहीतच.

"नाहीतर पुण्याला एमबीबीएस करील" असं बोलून मोकळं होणाऱ्यांसाठी: एनआरआय आणि ओसीआय मुलांनाही नीट द्यावी लागते, आणि परत इथे यायचं तर यूएसएमएलई (इथल्या डॉक्टरी परवान्याची परीक्षा) देऊन परदेशात शिकलेल्यांच्याच रांगेत.

सावध: ग्रीन कार्ड नसेल तर कॉलेजांची यादी सगळ्यात आधी करा. इथली बरीच मेडिकल स्कूल व्हिसावरच्या विद्यार्थ्यांचे अर्ज घेतच नाहीत, आणि घेणाऱ्यांपैकी काही जण फीचे पैसे आगाऊ दाखवायला सांगतात. केंद्राचं कर्ज मिळत नाही. प्रत्येक एमडी कॉलेजचं धोरण एएएमसीच्या एमएसएआर या यादीत दिलेलं असतं.

## टप्पा ११: पडझडीबद्दल अर्जात काय लिहायचं

थोडं. मुख्य निबंधाला ५,३०० अक्षरांची जागा आहे आणि ती 'मला डॉक्टर का व्हायचंय' यासाठी आहे. सी ची कैफियत तिथे मांडू नका. घरावर खरंच संकट कोसळलं असेल, आजारपण, नोकरी, मृत्यू, तर त्यासाठी ॲमकॅसमध्ये वेगळा छोटा निबंध आहे. बाकी बहुतेक कॉलेजं दुसऱ्या फेरीच्या अर्जात विचारतात, तेव्हा तीन वाक्यं: काय झालं, मी काय बदललं, त्यानंतर काय दिसतं. तिसरं वाक्य आकड्यांत. आई-बाबांच्या अपेक्षा, प्राध्यापकाचा उच्चार, अन्यायी पेपर, यातलं काही नको.

ॲकॅडेमिक प्रोबेशन लागलं असेल तर 'इन्स्टिट्यूशनल ॲक्शन'च्या (कॉलेजने तुमच्यावर केलेल्या कारवाईच्या) प्रश्नाला उत्तर देण्याआधी डीनच्या ऑफिसात आपल्या नोंदीत नक्की काय लिहिलंय ते विचारा, आणि खरं तेच लिहा. एखादं कॉलेज किंवा एखादं ट्रान्स्क्रिप्ट लपवण्याचा मोह तर नकोच. पडताळणीत ते सापडतं.

शिफारसपत्र मागायला तुम्हाला पहिल्याच सेमिस्टरला ए दिलेल्या प्राध्यापकाकडे धावू नका. ज्यांच्याकडे तुम्ही आधी धडपडलात आणि नंतर वरच्या वर्गात पुन्हा जाऊन बसलात, त्यांच्याकडे जा. पत्र एप्रिलमध्ये मागा. मे मध्ये आमच्या टेबलावर फायनलचे गठ्ठे असतात.